पुड्यातली भिंगरी

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा सुटली की पोट्टे आधी टपरीकडे पळतात. माझ्या नातवानं एकदा पाच रुपयांचा पुडा फोडला, आतली भिंगरी खिशात घातली अन् खाऊ कोंबड्यांपुढे टाकला. लेकराला भूक नव्हती, भिंगरी पाहिजे होती. असं भुलवून विकणं अन्यायच आहे.

तुम्ही असं करा. पुडा उलटा करून सोडियमचा, म्हणजे मिठातल्या घटकाचा, आकडा लेकराकडूनच वाचून घ्या. मोठ्या माणसालाही दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग दोरी घ्या. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचा माल शाळेत किंवा फाटकापासून ५० मीटरच्या आत शाळकरी लेकरांना विकता येत नाही, त्याची जाहिरातही करता येत नाही. आम्ही शेताचा धुरा, म्हणजे बांध, मोजतो तशी फाटकापासून दोरी धरली. टपरी ३५ मीटरवर निघाली. टपरीवाल्याशी भांडू नका, त्याचंही घर त्यावरच चालते. आम्ही त्याला भाजलेल्या शेंगा, फुटाणे, हंगामात बोरं ठेवायला सांगितलं अन् आठ घरांनी रोज घ्यायचा शब्द दिला. तो शब्द पाळावा लागतो, नाहीतर पुडे परत लटकतात. हा नियम पाळावा म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत अर्ज मात्र लेखीच द्या.

टीव्हीवर लेकरांच्या कार्यक्रमात चिप्स, कोल्ड्रिंकची जाहिरात दिसली तर वाहिनी, तारीख, वेळ वहीत लिहा. २०२२ पासून ते चालत नाही; ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कळवा.