ज्युडो सुरू करताय? आधी नीट पडायला शिका

ज्युडोच्या क्लासला जाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कुणालातरी उचलून आपटायचं असतं, मलाही होतं, आणि आमच्या सरांनी पहिला अख्खा महिना फक्त पडायला लावलं. फी भरून लोळायला आलोय का असं वाटायचं. एक दिवस सरांचं लक्ष नाही बघून एका मित्राला म्हटलं पाड मला, पडताना सवयीने हात मागे टेकवला आणि मनगट सुजलं, तीन आठवडे कडेला बसून बाकीच्यांचं बघत बसलो. तेव्हा कुठे कळलं सर काय सांगत होते ते.

तर पडण्याला उकेमी म्हणतात आणि ती उभ्याने सुरू करायचीच नाही. आधी मॅटवर पाठीवर झोपा, हनुवटी छातीला लावा आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवा, गाठ दिसतेय म्हणजे डोकं वर आहे, म्हणजे ते मागे आपटणार नाही. हात अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांवर, तळवे खाली, आणि पूर्ण हाताने मॅटवर चापट मारायची, नुसत्या तळव्याने नाही, कोपराने तर अजिबात नाही. हात याहून वर गेला तर झटका खांद्यात जातो. हे जमलं की उकिडवं बसून मागे पडा, मग अर्धवट वाकून, आणि मग उभ्याने. श्वास सोडत पडा, तोंड मिटलेलं ठेवा, जीभ दातांत सापडली की काय होतं ते मी इथे लिहीत नाही. आणि काहीही झालं तरी हात टेकवून स्वतःला वाचवायला जाऊ नका, सगळं वजन एका मनगटावर नाहीतर कोपरावर येतं, कधी गळपट्टीचं हाड जातं.

रोज क्लासच्या आधी वीस मागे, वीस वीस दोन्ही बाजूंना, एवढं केलं तरी पुष्कळ. डावी बाजू हमखास कच्ची राहते, तिला जास्त वेळ द्या.

ज्यांनी हा खेळ उभा केला ते जिगोरो कानो, जन्म 1860 चा, लहानपणी अंगाने अगदी किरकोळ होते, दांडगी पोरं छळायची म्हणून जुजुत्सू, म्हणजे जपानची जुनी झुंजीची कला, शिकायचं डोक्यात बसलं. 1877 मध्ये फुकुदा नावाचे गुरू मिळाले. कानोंनी विचारलं हा डाव कसा टाकायचा, हात कुठे, पाय कुठे, तर फुकुदा म्हणायचे ये इकडे, आणि पाडायचे, परत विचारलं की परत पाडायचे. मला ही गोष्ट फार आवडते पण शिकवायची पद्धत म्हणून नाही हं, तुमचे सर असं करत असतील तर सरळ विचारा की सावकाश दाखवा. कानोंनी स्वतःसुद्धा नंतर कारण समजावून शिकवण्यावरच भर दिला. आणि क्लासमधला एक जाडजूड गडी काही केल्या पडेना म्हणून त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळली, त्यातून खांद्यावर उचलून टाकायचा डाव काढला आणि त्याला पाडलंच. तोच आजचा काता गुरुमा. पुढे 1882 मध्ये तोक्योच्या एका देवळात 12 ताताम्यांच्या (जपानी चटयांच्या) जागेत त्यांची ज्युडोची शाळा, कोदोकान, सुरू झाली, म्हणजे मॅट लहान आहे ही तक्रार आपण करायची नाही.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे टॅप. गळा आवळला गेला किंवा कोपर लॉक झालं की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा ठोका, हात अडकले असतील तर पाय आपटा नाहीतर ओरडा. दुखायला लागल्यावर नाही, पकड बसली हे कळल्याबरोबर. नीट बसलेल्या चोकने माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, तेव्हा अजून थोडं बघू म्हणणाऱ्यांत नाव लावू नका. आणि समोरच्याने ठोकलं की त्याच क्षणी सोडा.

मग रांदोरी, म्हणजे मोकळी लढत. नवीन माणूस हात काठीसारखे ताठ करून उभा राहतो, मीही राहायचो, पडत नाही म्हणून खूश, पण शिकतही नाही आणि दहा मिनिटांत दमून खलास. हात सैल ठेवा, पडा, उठा. सुरुवातीला जोडीदार आपल्याहून अनुभवी घ्या, जुनी मंडळी तुम्हाला जपून खाली ठेवतात, नवशिका मात्र तुमच्यासकट स्वतः अंगावर पडतो. ओसोतो गारी, म्हणजे बाहेरून पाय मारून मागे पाडायचा डाव, तर दोघंही कच्चे असताना जोरात टाकूच नका, त्यात डोकं सरळ मागे जातं. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं तर त्या दिवशी मॅटवरून बाहेर, डॉक्टरला दाखवा, कितीही बरं वाटलं तरी.

पट्ट्याचा रंग कधी बदलणार हे सरांना सारखं विचारू नका, वैताग येतो त्यांना. पांढऱ्या काळ्याच्या मधले बरेचसे रंग तसेही नंतर युरोपात आलेत.

बाकी किरकोळ पण महत्त्वाचं: गी, म्हणजे ज्युडोचा जाड पोशाख, घालताना डावी बाजू उजवीच्या वर, नखं कापलेली, मॅटवरून उतरलात की चप्पल घाला आणि गी प्रत्येक क्लासनंतर धुवा, उद्या नाही आजच, कारण गजकर्ण एकाला झालं की हां हां म्हणता सगळ्या बॅचला होतं आणि मग कुणामुळे झालं हे सगळ्यांना बरोबर माहीत असतं.