छापखान्यात रहस्य फुटू नये म्हणून

पहिली रहस्यकादंबरी स्वतःच छापायची ठरवली तेव्हा मी एक यादी केली होती: कागद, छपाई, बांधणी, कमिशन, टपाल. पुस्तक हातात आल्यावर ती परत काढून बघितली, तर सगळ्यात मोठी गोष्ट तिच्यात नव्हतीच. रहस्य सांभाळायचं कोणी? वाचकापर्यंत पोचण्याआधी संहिता पाच-सात जणांच्या हातांखालून जाते, आणि त्यातला प्रत्येक जण अगदी चांगल्या मनाने ते फोडू शकतो. म्हणून दुसऱ्या पुस्तकाआधी केलेली ही दुसरी यादी.

सुरुवात जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांपासून. त्यावर प्रत्येक पात्र कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे होतं ते मांडायचं आणि खाली त्याला त्या क्षणी काय माहीत होतं तेही. माझा खून रत्नागिरीजवळच्या एका गावात, जुलै महिन्यात होतो, आणि एका संशयिताची सुटका गाडीच्या वेळेवर टांगलेली आहे. कोकण रेल्वेला पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू सोडतात, हे माहेर कोकणातलं असूनही मी विसरले. गाडीची वेळ घेतली ती मे महिन्यातल्या स्वतःच्या तिकिटावरून. वेळा तपासायच्या त्या गोष्टीतल्या महिन्याच्या, आपल्या प्रवासाच्या नव्हेत.

त्याच कागदावर कायद्याच्या तारखा. 'तीनशे दोन' आपल्या जिभेवर इतकं बसलंय की हात आपोआप तेच लिहितो. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३ आहे. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, म्हणजे आपला इन्स्पेक्टर खुन्याला भलत्याच गुन्ह्यात आत टाकणार. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुनंच कलम बरोबर. मृत्यू संशयास्पद दिसला तरी पहिल्या तासात कुणी 'खून' म्हणत नाही, आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, मग पंचनामा. एका निवृत्त हवालदारांना चहाला बोलावून ही प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवली. ते दोनदा हसले. दोन्ही जागा बदलल्या.

आता मराठीची खास अडचण. इथे क्रियापद चुगली करतं. दार ओढून घेऊन खुनी 'निघून गेला' लिहिलं की बायकांवरचा संशय संपला, 'निघून गेली' लिहिलं की खेळच संपला. 'कोणीतरी गेलं' हे एखाद-दोनदा खपतं, चौथ्यांदा वाचकाला लेखिकेची लपवाछपवी दिसते. मी शेवटी ते प्रसंग वस्तूंच्या बाजूने लिहिले: कडी सरकली, कंदील विझला, पायरीवर ओला ठसा उरला. निनावी चिठ्ठ्या आणि फोनवरची वाक्यंही विसरायची नाहीत, 'मी आलो होतो' एवढंही पुरतं. तेव्हा खुनी ज्या ज्या प्रसंगात बिननावाने वावरतो ते वेगळे काढायचे आणि फक्त क्रियापदं वाचायची. (वावरतो असं लिहिलं म्हणून लगेच काही ठरवू नका.)

मग तीन वाचक. एक रहस्यकथांचा व्यसनी, एक कधीच न वाचणारा, एक आपल्याला घाबरत नाही असा. 'कशी वाटली?' असं विचारायचं नाही, त्यावर सगळे 'छान' म्हणतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'आत्ता कोणावर संशय आहे?' एवढं एक नाव समासात लिहायला सांगायचं. माझ्या व्यसनी वाचकाने सहाव्या प्रकरणापासून एकच नाव लिहिलं होतं, तेही बरोबर. सहावं पुन्हा लिहिलं.

मुद्रितशोधनाला सर्वांत जास्त वेळ ठेवायचा. माझ्या गोष्टीत एक निनावी चिठ्ठी आहे, तिच्यात 'आणी' असं दीर्घ लिहिलंय. तेच दीर्घ दीडशे पानांनंतर किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत सापडतं आणि तिथून गाठ सुटते. मुद्रितशोधक बाई अतिशय कसून काम करणाऱ्या. त्यांनी दोन्हीकडे ऱ्हस्व करून दिलं. सगळं रहस्य शुद्ध झालं! दोष माझा, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. आता संहितेबरोबर एक स्वतंत्र पान जातं, 'न सुधारण्याच्या चुका', पान आणि ओळ लिहून. मुद्रितशोधकाला गुपित कळतं, त्याला इलाज नाही.

उलटी गंमत अक्षरजुळणीत. मी युनिकोडमध्ये लिहिते, पानं लावणाऱ्याकडे श्रीलिपीचा जुना, युनिकोड नसलेला टंक (फॉन्ट). मजकूर रूपांतरित होताना 'ऱ्या' मोडला आणि 'सुऱ्याने वार केला'चं 'सुर्याने वार केला' झालं. सुर्‍याचा सूर्य! पहिलं प्रूफ आलं की आधी ऱ्य, ऱ्ह, ॲ, ऑ आणि अवतरणचिन्हं शोधायची, मगच मजकूर वाचायचा. शक्य असेल तर युनिकोडमध्येच पानं लावणारा माणूस गाठायचा.

पानं लागताना शेजारी बसायचं. उलगड्याआधीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर खुन्याचं नाव कुठेही दिसता कामा नये, ते पान उलटल्यावर डाव्या पानाच्या सुरुवातीला यावं, नाहीतर डोळा आधी तिथेच जातो. शेवटच्या दुरुस्त्यांनंतर ओळी सरकतात, तेव्हा हे पुन्हा बघायचं. फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा संच, सोळा पानांचा. माझी पानं २१४ भरली, चौदा फर्म्यांची होतात २२४. उरलेली दहा कोरी सोडण्याऐवजी गावाचा नकाशा, आभार आणि लेखिकेची ओळख तिथे नेली, कारण दुकानात पुस्तक उचललं की शेवटचं पान उघडून बघणारे लोक असतातच. आणि अनुक्रमणिका? प्रकरणांची नावं 'विहिरीतला हात' छापाची असतील तर ती गाळायची, नुसते आकडे पुरतात.

चित्रकाराला पूर्ण कादंबरी द्यायची नाही, पहिली चार प्रकरणं द्यायची. मी पूर्ण दिली, त्याने मन लावून वाचली आणि हत्यारच मुखपृष्ठावर काढलं. सुंदर चित्र होतं, अजून माझ्या भिंतीवर आहे. ज्येष्ठांची प्रस्तावना घेण्याची आपली रीत इथे मोडायची. मलपृष्ठावरचा मजकूर पहिल्या पंचवीस पानांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण अवघड नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, लेखक स्वतःच अर्ज करू शकतो, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. छापील पुस्तकाचा आणि ई-पुस्तकाचा क्रमांक वेगळा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. त्या चार प्रती पहिल्या गठ्ठ्यातूनच बाजूला काढायच्या. किंडलवर पहिला साधारण दहावा हिस्सा नमुना म्हणून फुकट दिसतो, म्हणून तिथे अर्पणपत्रिका वगैरे मागे न्यायची आणि प्रेत पुढे आणायचं.

किंमत ठरवताना विक्रेता-वितरकाचे ४० ते ५० टक्के आधी वजा करायचे, मग छपाई, मग टपाल. जे उरतं ते बघून लगेच हजार प्रतींचा हट्ट सोडावासा वाटतो. मी तीनशे काढल्या.

प्रकाशन समारंभाची तयारी म्हणजे प्रमुख पाहुण्यांची तयारी. पुस्तकावर मनापासून बोलणारा पाहुणा शेवटाबद्दल बोलतोच. निमंत्रणाच्या पत्रातच नम्रपणे लिहायचं की भाषण अमुक पानापुढे नेऊ नये. आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्या मावश्यांना वेगळं सांगायचं, तोंडी.

शेवटी एक प्रत 'दुरुस्तीची प्रत' म्हणून घरी ठेवायची आणि फोनवर कळलेल्या चुका तिच्यात लाल शाईने टिपायच्या. फोन बरेच येतात. परवा सोलापूरहून एक गृहस्थ म्हणाले, "बाई, पुस्तक चांगलंय, पण पान एक्केचाळीसवर 'आणी' दीर्घ पडलंय, एवढं तरी बघायचं." मी विचारलं, "काका, कुठवर आलात?" म्हणाले, "पान साठ." मी म्हटलं, बरं, टिपून ठेवते.