गावाचा कार्बन आराखडा करायचाय? मग आधी बजेटची फाईल उघडा

पालिकेने हवामान आराखडा (म्हणजे शहरातून हवेत जाणारे, पृथ्वी तापवणारे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू किती आणि ते कमी कसे करायचे याचा) करायचा ठराव केला की पुढे काय होतं ते बहुतेकांना माहितीये. सल्लागार नेमतात, चकचकीत पुस्तक छापतात, मुखपृष्ठावर सोलर पॅनल आणि एक हिरवं रोप, आत भरपूर रंगीत तक्ते, प्रकाशन होतं, फोटो निघतात आणि मग ते पुस्तक कपाटात जातं, कारण त्यातलं एकही काम कुठल्याच खात्याच्या बजेटमध्ये नसतं. हे टाळायचं कसं ते सांगतो. तुम्ही पालिकेत कामाला असा, निवडून आलेले असा किंवा बाहेरून पाठपुरावा करणारे, कामाचा क्रम तोच राहतो.

आधी माणसं आणि ठराव

हे काम पर्यावरण विभागातल्या एकट्या ज्युनिअरच्या गळ्यात मारू नका, त्या बिचाऱ्याला विद्युत विभाग आकडे देत नाही आणि पाणीपुरवठावाले फोन उचलत नाहीत. प्रशासनाच्या प्रमुखाच्या सहीने एक छोटा गट करा, त्यात विद्युत, पाणीपुरवठा-मलनिस्सारण, घनकचरा, बांधकाम परवानगी, रस्ते-वाहतूक आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेखा विभाग, यातला प्रत्येकी एक माणूस हवाच. लेखा विभाग पहिल्या मीटिंगपासून बसवा, शेवटी बोलावलात तर ते फक्त "तरतूद नाही" एवढं लिहायला येतात. ठरावातच लिहून घ्या की माहिती कोणी, किती दिवसात, कुठल्या नमुन्यात द्यायची.

मोजणी: पण त्यात अडकून बसू नका

शहरांचं उत्सर्जन, म्हणजे हवेत जाणारे हे वायू, मोजण्यासाठी २०१४ साली आलेली एक जागतिक पद्धत आहे, जीपीसी म्हणतात तिला, वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आणि सी-४० व इकली ही शहरांची जागतिक जाळी यांनी मिळून केलेली. स्वतःची वेगळी पद्धत शोधत बसू नका, हीच घ्या. तिच्यात उत्सर्जन तीन कप्प्यात टाकतात. हद्दीत जे थेट जळतं ते पहिल्यात (गाड्यांचं इंधन, स्वयंपाकाचा गॅस, बॉयलर), बाहेरच्या ग्रिडमधून (वीज वाहून आणणाऱ्या जाळ्यातून) आलेली वीज दुसऱ्यात, आणि तुमच्यामुळे पण हद्दीबाहेर होणारं ते तिसऱ्यात. कचरा इथे नेहमी घोळ घालतो. तुमचा कचरा शेजारच्या हद्दीतल्या डेपोवर जात असेल तरी तो तुमच्याच हिशोबात धरायचा, "आमच्याकडे डेपोच नाही" म्हणून सुटका नाही. सुरुवातीला मूळ पातळीची मोजणी पुरे, म्हणजे इमारती-उद्योगांची ऊर्जा, हद्दीतली वाहतूक, कचरा आणि सांडपाणी. विमानप्रवास, शेती, कारखान्यांतल्या रासायनिक प्रक्रिया नंतर घ्या, अर्थात तुमच्याकडे सिमेंटचा कारखानाच असेल तर तो सोडून कसं चालेल.

पायाभूत वर्ष, म्हणजे पुढची सगळी तुलना ज्याच्याशी करायची ते, असं निवडा की ज्याचे आकडे नीट मिळतील आणि जे वर्ष विचित्र नसेल. २०२० घेऊ नका, लॉकडाऊनमुळे त्या वर्षी सगळंच खाली आलेलं, त्याच्याशी तुलना केलीत तर पुढे काहीही करा, वाढच दिसणार.

आकडे कुठून आणायचे? वीज कंपनीकडून ग्राहक वर्गानुसार वर्षभराची युनिट, इंधन कंपन्यांकडून हद्दीतल्या पंपांची विक्री, गॅस वितरकांकडून सिलेंडर आणि पाईप गॅस, कचऱ्यासाठी वजनकाट्याच्या नोंदी. यात इंधन विक्रीचा आकडा जरा फसवा असतो, कारण हायवेवर दोन मोठे पंप असतील तर परगावच्या ट्रकांनी भरलेलं डिझेलही तुमच्या नावावर चढतं. पहिल्या वेळी तसंच धरा पण शेजारी स्पष्ट लिहून ठेवा, आणि जमलं तर वाहन सर्वेक्षण करून पुढच्या मोजणीत सुधारा. प्रत्येक आकड्यापुढे भरवसा चांगला, मध्यम की कमी हे लिहायची सवय लावा.

गणित फार अवघड नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेल २.७ किलो. विजेचा आकडा, म्हणजे एका युनिटमागे किती किलो, ग्रिड कशावर चालते त्यावर ठरतो, कोळशाची ग्रिड असेल तर जास्त, जलविद्युत असेल तर अगदी कमी, तो तुमच्या देशाच्या अधिकृत तक्त्यातून घ्या. मिथेन (कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा वायू) शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. हा पटीचा आकडा आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) वेगवेगळ्या अहवालात थोडा वेगळा आहे, कुठलाही एक घ्या पण आराखडाभर तोच ठेवा.

एक काल्पनिक शहर घेऊ. वर्षाला १० कोटी युनिट वीज, ग्रिडचा आकडा समजा युनिटमागे ०.७ किलो, झाले ७० हजार टन. पेट्रोल दीड कोटी लिटर, साडेचौतीस हजार टन. डिझेल २ कोटी लिटर, ५४ हजार टन. रोज १०० टन मिश्र कचरा उघड्या खोल डेपोवर पडतो, एका टनामागे ४० किलोच्या आसपास मिथेन धरला आणि त्याला २८ ने गुणून कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत मांडलं तर वर्षाचे जवळपास ४१ हजार टन. सगळं मिळून दोन लाख टनांच्या आसपास. आता याच शहराने "एक लाख झाडं लावू" असा ठराव केला, एक झाड वर्षाला २० किलो शोषतं असं धरलं आणि सगळीच्या सगळी जगली असं मानलं (जगत नाहीत, आपल्याला माहितीये) तरी होतात २ हजार टन, म्हणजे एक टक्का. झाडं लावाच, सावलीसाठी लावा, उष्णता कमी करायला लावा, पावसाचं पाणी मुरायला लावा, पण आराखड्याची सुरुवात झाडांपासून करू नका.

या मोजणीला तीन-चार महिन्यांची मुदत घाला. वर्षानुवर्षं मोजतच बसणाऱ्या पालिका असतात, आणि बऱ्याचदा ती कामं पुढे ढकलायची सोयिस्कर वाट असते.

कोणाच्या हातात काय आहे

माझ्या मते आराखड्याचं खरं पान हेच. मोठ्या कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात पालिकेच्या स्वतःच्या मालकीचं, दुसऱ्यात पालिका नियम, परवानगी किंवा कर लावून वळवू शकते ते, आणि तिसऱ्यात जिथे फक्त सांगता येतं, मागणी करता येते ते. मोजणीतला प्रत्येक टन या तीनपैकी कुठेतरी टाका.

पहिला रकाना लहान निघतो, बहुतेक ठिकाणी एकूण उत्सर्जनाचे काही टक्केच. वरच्या शहरात ५ हजार पथदिवे १५० वॅटवरून ७० वॅटच्या एलईडीवर नेले, वर्षाला ४ हजार तास जळतात असं धरलं, तर वाचतात १६ लाख युनिट म्हणजे ११०० टनांच्या थोडं वर, अर्धा टक्का. तरी हे पहिल्या वर्षीच करा कारण बिल कमी होतं आणि वाचलेला पैसा पुढच्या कामाला लावता येतो (तसा लावायचा ठरावही आत्ताच करून घ्या, नाहीतर तो जनरल खात्यात विरघळतो). पाण्याचे पंप आणि मलशुद्धीकरण केंद्र बघायला विसरू नका. केंद्राच्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज नुसती पाण्यात हवा सोडण्यात जाते, तिथे ब्लोअर नीट नियंत्रित केले तरी फरक पडतो. आणि पाण्याची गळती थांबवली की तेवढा पंपिंगचा खर्च आपोआप वाचतो.

कचरा बहुतेक ठिकाणी पूर्ण पालिकेच्याच हातात, म्हणून मी तो सगळ्यात वर ठेवतो. आपल्या काल्पनिक शहरात निम्मा ओला कचरा वेगळा करून खत किंवा बायोगॅसकडे वळवला तर वीसेक हजार टनांचा प्रश्न आहे, म्हणजे एकूण दहा टक्के, वरच्या झाडांच्या दहापट. मिथेन हवेत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो पण तेवढ्यात जोरात तापवतो, वीस वर्षांचा हिशोब लावला तर ८० पटीच्या आसपास, त्यामुळे आज रोखलेल्या मिथेनचा फायदा लवकर दिसतो. मात्र जुन्या डेपोत पडलेला कचरा पुढची कित्येक वर्षं गॅस सोडतच राहणार, तो झाकून गॅस गोळा करायचं काम वेगळं धरा. आणि ओला-सुका वेगळा घ्यायचा तर गाडीतही दोन कप्पे हवेत, घरात वेगळा केलेला कचरा लोकांच्या डोळ्यादेखत एकत्र ओतला की मोहीम तिथेच संपली.

दुसरा रकाना सगळ्यात वजनदार आणि राजकीयदृष्ट्या सगळ्यात त्रासाचा. बांधकाम परवानगी, पार्किंग, रस्त्याची रुंदी कोणाला, जमिनीचा वापर. आज मंजूर केलेली इमारत पन्नास वर्षं उभी राहते, म्हणून नवीन बांधकामाचे ऊर्जा नियम जितके उशिरा तितकं नुकसान पक्कं. जुन्या मोठ्या इमारतींवरही शहरं नियम लावू शकतात. टोकियोने २०१० पासून मोठ्या इमारती आणि कारखान्यांवर उत्सर्जनाची कमाल मर्यादा घातली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये कायदा करून २५ हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या बहुतेक इमारतींना मर्यादा लावली, ती २०२४ पासून लागू झाली. म्हणजे कायदा आणि अंमल यात पाच वर्षं दिली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वाहतुकीत तर विरोध ठरलेलाच. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने शहरात येणाऱ्या गाड्यांवर प्रायोगिक शुल्क लावलं, आधी लोक विरोधात होते, पण गाड्या साधारण वीस टक्क्यांनी कमी झालेल्या डोळ्यांनी दिसल्या आणि त्यानंतरच्या मतदानात शहराने कौल दिला, २००७ पासून शुल्क कायमचं झालं. थोडक्यात सभा घेऊन पटवत बसण्यापेक्षा आधी थोड्या काळासाठी करून दाखवणं जास्त चाललं. त्या शहराने प्रयोगाच्या आधी बस वाढवल्या होत्या हेही विसरू नका. पर्याय न देता नुसतं शुल्क लावाल तर ज्याच्याकडे पैसा आहे तो भरेल आणि बाकीच्यांचे हाल होतील.

तिसऱ्या रकान्यात मुख्यतः ग्रिडची वीज कशापासून बनते ते. ते पालिकेच्या हातात नसतं, पण वीज खरेदीचा करार, छतावरच्या सोलरची परवानगी सोपी करणं, वरच्या सरकारकडे लेखी मागणी, एवढं तरी असतंच.

लक्ष्य ठरवताना

"आहे तसंच चालू राहिलं असतं त्यापेक्षा ३० टक्के कमी" असलं लक्ष्य कोणी मांडलं तर सावध व्हा. आज दोन लाख टन आहेत, वाढीच्या अंदाजात पुढे तीन लाख दाखवले, त्यातून ३० टक्के काढले की उरतात २ लाख १० हजार, म्हणजे आजच्यापेक्षा जास्तच! कागदावर मात्र ३० टक्के घट. लक्ष्य पायाभूत वर्षाच्या आकड्यावर ठेवा, आणि २०५० वगैरे लांबच्या तारखेबरोबर पुढच्या तीन-चार वर्षांचंही एक ठेवा, म्हणजे आत्ता निवडून आलेल्यांना उत्तर द्यावं लागेल.

कोपनहेगनने २०१२ मध्ये आराखडा करून २०२५ पर्यंत कार्बन न्यूट्रल (जेवढं सोडू तेवढं शोषून किंवा भरून काढून हिशोब शून्यावर) होऊ असं जाहीर केलं होतं. खूप काम केलं त्यांनी, उत्सर्जन निम्म्याहून कितीतरी खाली आणलं, पण शेवटचा मोठा तुकडा कचरा जाळणाऱ्या प्रकल्पातला कार्बन पकडण्यावर अवलंबून ठेवला होता, त्याला निधी मिळाला नाही आणि २०२२ मध्ये सांगावं लागलं की हे लक्ष्य गाठता येणार नाही. तुमच्या आराखड्यातही एकाच प्रकल्पावर, तोही दुसऱ्याच्या निधीवर चालणाऱ्या, मोठा वाटा टाकला असेल तर त्याच्यापुढे लाल खूण करा.

आणखी एक, वेगवेगळ्या कामांची बचत सरळ बेरीज करू नका. ग्रिड स्वच्छ होत गेली की एलईडीने वाचवलेल्या युनिटमागचे किलोही कमी होतात, दोन्ही पूर्ण धरले तर तेच टन दोनदा मोजले जातात.

बजेटमध्ये घुसवा

ऑस्लोने २०१७ च्या बजेटपासून क्लायमेट बजेट सुरू केलं. पैशाच्या बजेटबरोबरच कुठलं काम किती टन कमी करणार, जबाबदार कोण, हे त्याच कागदात येतं आणि लेखा विभागच ते मांडतो. तुम्हाला एकदम तेवढं जमेल असं नाही. सुरुवात म्हणून खात्यांकडून बजेटचे प्रस्ताव मागवायचा जो फॉर्म असतो ना, त्यात दोन रकाने वाढवा: या कामाने उत्सर्जन वाढेल की घटेल, आणि अंदाजे किती. नवीन उड्डाणपुलाच्या प्रस्तावापुढे कोणाला तरी "वाढेल" असं लिहावं लागलं की सभेत चर्चा आपोआप सुरू होते.

प्रत्येक कामाचं एकच पान ठेवा: काम काय, किती टन, किती खर्च, कुठल्या लेखाशीर्षातून (बजेटमधल्या खर्चाच्या खात्यातून), कोणाच्या टेबलावर, कधी सुरू. लेखाशीर्षाची जागा रिकामी राहिली तर ते काम आराखड्यातून काढून "इच्छा" अशा वेगळ्या यादीत टाका. यादी लांब झाली तरी चालेल, निदान खोटं तरी नाही. ज्यांचं पोट या बदलावर आहे, कचरा वेचणारे, छोटे वाहतूकदार, रस्त्यावरचे विक्रेते, त्यांच्याशी हे पान अंतिम व्हायच्या आधी बोला, टेंडर निघाल्यावर बोलण्यात अर्थ नसतो.

नंतरची देखरेख

पूर्ण मोजणी दर दोन वर्षांनी पुरते. मध्ये दरवर्षी चार-पाच साधे आकडे बघा: विजेची युनिट, इंधनाचे लिटर, वेगळा झालेला ओला कचरा टनात, बसमधले प्रवासी. ते वॉर्डनिहाय लावता आले तर उत्तम, कारण नगरसेवक स्वतःच्या वॉर्डचा आकडा आधी बघतात. लोकसंख्या वाढत असेल तर एकूण टनांबरोबर दरडोई टनही लिहा, पण फक्त दरडोई दाखवून एकूण लपवू देऊ नका. आणि हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं पालिकेत आली, तर पायाभूत वर्षाचा आकडाही त्या गावांसकट परत काढा, जुन्या हद्दीचा आकडा नवीन हद्दीशी लावून वाढ झाली म्हणून ओरडणारेही भेटतील आणि हद्द कमी झाली की तेच उलटं वापरून घट दाखवणारेही.