मुरणारी रेड वाईन: चाखावी कशी, घ्यावी कोणती

‘ठेवणीतली’ म्हणून घेतलेली माझी पहिली बाटली माळ्यावर मेली. फ्रान्समधल्या बोर्दोची होती, चार मित्रांनी वर्गणी काढून दिलेली. पुण्यातला शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट, डोक्यावर तापलेली गच्ची, आणि मी ती बाटली जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर आडवी ठेवलेली. सहा उन्हाळ्यांनी उघडली तेव्हा वास उकडलेल्या मनुकांचा आला आणि चव शिळ्या काढ्याची. वाईनचा काही दोष नव्हता, दोष माळ्याचा होता.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. मुरवायचं काम ज्याच्याकडे थंड तळघर आहे त्याने करावं, आपण मुरलेली बाटली घ्यावी. त्यासाठी दोन गोष्टी यायला हव्यात. घोट घेतल्यावर वाईनमध्ये अजून किती दम आहे हे कळलं पाहिजे, आणि लेबल वाचता आलं पाहिजे.

आधी तुरट आणि आंबट वेगळं करा

लोणचं मीठ आणि तेलावर टिकतं. रेड वाईन टिकते ती आम्लता आणि टॅनिन यांच्यावर. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून, थोडं लाकडी पिंपातूनही येणारा तुरटपणा. तो आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही. अर्धकच्चं जांभूळ, काजूचं बोंडू, हिरडा, सुपारीचं खांड यांवर आपली जीभ लहानपणापासून तयार झालेली असते.

तरी बाटलीला हात लावण्याआधी घरी एक प्रयोग करा. चहाची पावडर पाण्यात दहा मिनिटं ठेवून कडक कोरा चहा करा आणि गार झाल्यावर एक घोट तोंडात फिरवा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू खरखरीत, कोरडी होईल. ते टॅनिन. मग बिनसाखरेचं लिंबूपाणी घ्या. जबड्याच्या दोन्ही बाजूंनी लाळ सुटेल. ती आम्लता. एक तोंड कोरडं करतं, दुसरी तोंडाला पाणी आणते. ‘ड्राय वाईन’ म्हणजे तोंड कोरडं करणारी, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ड्राय म्हणजे जिच्यात गोडवा उरलेला नाही ती. तोंड कोरडं पडतं ते टॅनिनमुळे.

वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, जड होतात आणि शेवटी काही तळाशी बसतात. म्हणून जुनी रेड वाईन फिकी आणि मऊ लागते, आणि बाटलीच्या तळाशी गाळ दिसतो. तो गाळ पाहून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

मग ग्लास

रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं सांगतात. ती खोली जुन्या युरोपातली, दगडी भिंतींची. एप्रिलमधली आपली नव्हे. १६ ते १८ अंश हवं. तिशी गाठलेल्या खोलीतून बाटली काढली असेल तर तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम वाईनमधून नुसतं अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी सगळं त्याखाली दबतं. ग्लास तोंडाशी थोडा निमुळता असावा, आणि एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा आणि मधला रंग सोडून कडेचा बघा. कोवळ्या वाईनची कड जांभळी असते, मग माणकासारखी होते, पुढे डाळिंबी, आणि म्हातारपणी विटकरी. तीन वर्षांची वाईन विटकरी दिसली तर ती वाटेत कुठेतरी तापली असण्याची शक्यता मोठी. एक अपवाद लक्षात ठेवा: इटलीतल्या बारोलोचं नेब्बिओलो द्राक्ष. त्याची वाईन तरुणपणीच फिकी दिसते आणि टॅनिनला मात्र पहिलवान असते. रंगावरून तिची ताकद ठरवली की फसलात.

वास दोनदा घ्यायचा, एकदा ग्लास न हलवता आणि एकदा गोल फिरवून. ओला पुठ्ठा किंवा बंद गोदामाचा दमट वास आला तर बुचातून आलेल्या टीसीए नावाच्या संयुगाने ती बाटली बिघडली आहे. हवा दिल्याने ती सुधारत नाही, परत करावी. वास नीट असेल तर त्याचे तीन थर शोधा. पहिला फळाचा: करवंद, जांभूळ, आलुबुखार. दुसरा लाकडाचा: व्हॅनिला, जायफळ, सुकं खोबरं. तिसरा वयाचा: चामडं, तंबाखू, खारीक, पावसात भिजलेला पालापाचोळा. मुरलेल्या वाईनमध्ये तिसरा थर पुढे येतो, पण पहिला पूर्ण गेलेला नसतो. तो गेला असेल तर आपण उशिरा पोचलो.

घोट, आणि चार प्रश्न

छोटा घोट घ्या, तोंडभर फिरवा आणि गिळण्याआधी थोडी हवा आत ओढा. चारचौघांत आवाज होतो, होऊ द्या. मग स्वतःला चार प्रश्न विचारा. लाळ सुटली का? तुरटपणा कसा आहे, रेशमी, खरबरीत की हिरवा? मध्ये फळ भरलेलं आहे की पोकळी आहे? आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते? मनात आकडे मोजा. पाचच्या आत संपली तर ती आजची वाईन, आजच संपवा. पंधराच्या पुढे गेली तर बोलण्यासारखं काही आहे.

सर्वात जास्त चूक होते ती तिसऱ्या प्रश्नाला. तोंड आवळून टाकणारी वाईन चाखली की लोक म्हणतात, “ही दहा वर्षांनी काय होईल!” बऱ्याचदा काहीच होत नाही. टॅनिन मऊ होतं, पण जे फळ मुळातच नव्हतं ते काळ आणून घालत नाही. अल्कोहोलचा घशातला जाळही वयाने शांत होत नाही. कच्च्या देठासारखा हिरवा तुरटपणा म्हणजे द्राक्ष पिकण्याआधी तोडलं. तोही बहुधा तसाच राहतो. आज वाईन कितीही कडक असो, तिच्या मधोमध गच्च फळ आणि खाली स्पष्ट आंबटपणा असेल तरच तिच्यावर वर्षं लावावीत. मला विचाराल तर टॅनिनपेक्षाही आम्लतेवर माझा विश्वास अधिक आहे.

घरच्या घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. अर्धी बाटली पिऊन बूच लावा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. कालच्यापेक्षा बरी लागली तर तिच्यात जीव आहे, ढेपाळली तर नाही. हवा लागणं आणि मुरणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा मी यावर अधिक विसंबतो.

सरावासाठी लगेच परदेशी बाटली फोडायची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली कंपनीची ‘सेत्ते’ ही रेड वाईन होते, सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची. तिच्याशेजारी नाशिकची, शिराझ द्राक्षाची एखादी साधी, स्वस्त वाईन ठेवा आणि चारही प्रश्न दोघींना विचारा. फरक पहिल्याच संध्याकाळी कळेल.

मुरलेली घ्यायची तर रिओहा

आता खरेदी. मुरणाऱ्या वाईनचं नाव काढलं की बोर्दोचं नाव निघतं. तिथे १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी केलेली वाईन-घराण्यांची प्रतवारी अजून चालते. पहिल्या पंगतीत नंतर बदल झाला तो एकच: १९७३ मध्ये मूतों रोथशिल्ड या घराण्याला बढती मिळाली. तिथे नावाजलेली वाईन पिंपात असतानाच विकली जाते; पैसे आज, बाटली साधारण दोन वर्षांनी, आणि पिण्यायोग्य व्हायला आणखी दहा-पंधरा. बारोलोला कायद्याने किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात, तरीही बाजारात येते तेव्हा ती बहुधा दात दाखवत असते. तळघरवाल्यांसाठी दोन्ही उत्तम. नागपूरच्या मे महिन्यात राहणाऱ्याने काय करायचं?

त्याने स्पेनकडे बघावं. उत्तर स्पेनमधल्या Rioja या प्रदेशाच्या नावातला ‘जे’ हा ‘ज’ नाही, घशातला ‘ह’ आहे; म्हणून रिओजा न म्हणता रिओहा म्हणा. मुख्य द्राक्ष तेंप्रानियो. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे खाल्ले तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाईन शोधत इथे आले. २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात मुरवण्याची बोर्दोची रीत त्या सुमारास इथे रुजली. आरो गावच्या रेल्वे स्टेशनभोवती तेव्हा वसलेली घराणी अजून तिथेच आहेत: लोपेस दे एरेदिया १८७७ ची, कुने १८७९ ची, ला रिओहा आल्ता १८९० ची. फ्रेंच पद्धत घेतली, पण लाकूड मात्र अमेरिकी ओकचं वापरलं. जुन्या वळणाच्या रिओहाला सुक्या खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास येतो तो त्यामुळे. कोकणातल्या माणसाला ही वाईन पटकन आपली वाटते, असं माझं निरीक्षण आहे.

इथे मुरवण्याचा बोजा उत्पादकावर असतो आणि तो बाटलीवर छापलेला असतो. मागच्या बाजूला नियामक मंडळाचं छोटं लेबल असतं, त्याचा रंग बघा. लाल म्हणजे क्रिआन्सा: किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक ओकमध्ये. गडद मरून म्हणजे रेसेर्वा: किमान तीन वर्षं, एक ओकमध्ये. निळं म्हणजे ग्रान रेसेर्वा: किमान पाच वर्षं, त्यातली दोन ओकमध्ये आणि दोन बाटलीत. हिरव्या लेबलावर अशी हमी नसते. हे किमान आकडे आहेत. जुनी घराणी याहून कितीतरी जास्त थांबतात. लोपेस दे एरेदियाची ‘व्हिन्या तोंदोनिया’ आणि ला रिओहा आल्ताची ‘९०४’ दुकानात येते तीच भरपूर वयाची होऊन.

लेबलावरचं, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल बघायचं असेल तर २००१, २००४, २००५, २०१० आणि २०११ ही तिथल्या मंडळाने सर्वोच्च श्रेणी दिलेली वर्षं. पण सालाच्या मागे वेड लागू देऊ नका. ओळखीच्या घराण्याचं मध्यम साल मी अनोळखी घराण्याच्या गाजलेल्या सालाआधी उचलतो. आणि सुरुवात ग्रान रेसेर्वापासून करू नका. रेसेर्वा घ्या, किमतीच्या मानाने तिथेच सगळ्यात जास्त हाती लागतं.

बाटली हातात घेऊन

आयात वाईनवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं आहे, वर राज्याचे कर. त्यामुळे पुण्या-मुंबईतली किंमत बघून हात मागे येतो. आपल्याकडे पाटी ‘वाईन शॉप’ची असते आणि आत खप व्हिस्कीचा, मग महिनोन्‌महिने न हललेली रेड वाईन ट्यूबलाईटखाली उभी तापत राहते. वातानुकूलित दुकान शोधा आणि माल कधी आला ते विचारा. कोणी परदेशातून येत असेल तर प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. हिशेब असा: ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, आणि जागा उरली तर ३७५ ची एक अर्धी.

बाटली उजेडात धरा. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या वाईनची पातळी मानेतच हवी; खांद्यापर्यंत उतरली असेल तर बूच हवा खातंय. टोपणाभोवती चिकट ओघळ किंवा वर उचललेलं बूच म्हणजे उष्णतेची खूण. अशी बाटली निम्म्या किमतीलाही नको.

घरी आणल्यावर? १२ ते १४ अंशांची स्थिर, अंधारी जागा हवी. छोटा वाईन कूलर असेल आणि तुमच्याकडे वीज फार जात नसेल तर ठेवा पाच-सात वर्षं, बाटली आडवी करून. नसेल तर काही महिने फ्रिज चालतो. वर्षानुवर्षं ठेवली तर कोरड्या थंडीने बूच आकसतं. कपाट, माळा, ओट्याखालची जागा यांचं नावही काढू नका. सहा महिन्यांत प्यायची तेवढीच घ्या.

उघडताना

आदल्या दिवशी बाटली उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. जुनं बूच भुसभुशीत असतं, ओपनर सावकाश चालवा. तुटलंच तर तुकडे गाळून घ्या, चवीला काही होत नाही. मग बाटलीच्या मानेखाली मोबाईलची बॅटरी लावून वाईन एका धारेत काचेच्या जगमध्ये ओता आणि गाळाची रेघ खांद्याशी आली की थांबा. तरुण आणि कडक वाईन अशी तास-दीड तास आधी ओतून ठेवावी. वीस वर्षांची मात्र पानावर बसल्यावरच, कारण तिचा वास थोडा वेळच थांबतो.

जेवणात तिखट आवरा. तिखटाने अल्कोहोल झोंबतं आणि टॅनिन कडवट होतं. तांबड्या रश्शापुढे म्हातारी रिओहा मुकाट होते. रिओहात तिच्यासोबत कोकराचं मटण खातात. आपल्याकडे मिरं, आलं आणि तुपावर परतलेलं सुकं मटण तिला छान झेपतं. ते शिजवताना बाटलीच्या तळाशी उरलेले दोन-तीन चमचे गाळासकट त्यातच टाका.