संगणकावर मराठी अक्षरपालट करताना या चुका टाळा

एका शब्दातील अक्षरे फिरवून दुसरा अर्थपूर्ण शब्द मिळवणे, म्हणजेच अ‍ॅनाग्राम, हे काम संगणकाकडून मराठीत करून घेताना बहुतेक अडचणी एकाच कारणाने येतात. आपण ज्याला अक्षर म्हणतो, ते संगणकाच्या लेखी अक्षर नसते. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त साताऱ्यात शब्दकोडी तयार करताना मी प्रोग्रामला ‘सातारा’ हा शब्द दिला, तेव्हा पडद्यावर १२० रचना उमटल्या. काही ओळींच्या आरंभी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला काना होता, तर काहींत एकाच व्यंजनाला दोन-दोन काने लागले होते. त्या १२० पैकी वाचता येण्याजोग्या रचना अवघ्या ६ होत्या.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपिचिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, काना हे स्वतंत्र चिन्ह असते, त्यामुळे ‘सातारा’ची तीन अक्षरे संगणक सहा चिन्हे म्हणून मोजतो. सांगलीच्या ‘द्राक्ष’ या दोन अक्षरी शब्दाची तर तो सात चिन्हे करतो, कारण जोडाक्षरातला हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, तो वेगळे मोजतो. म्हणून आधी शब्दाचे अक्षरांत तुकडे करावेत आणि मगच ते फिरवावेत. तयार ग्रंथालय, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा आयता कोडसंच, वापरत असाल तर त्याची आवृत्ती पाहून घ्यावी. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्यापूर्वीच्या नियमांनुसार ‘द्राक्ष’चे द्, रा, क्, ष असे चार तुकडे पडतात.

खेळाचा नियम मात्र आपणच ठरवायचा असतो आणि तो न ठरवता सुरुवात करणे ही दुसरी मोठी चूक आहे. अक्षर अखंड ठेवले तर ‘राग’पासून फणसाचा ‘गरा’ मिळतो. काना सुटा केला तर त्याच ‘राग’चा ‘गार’ होतो आणि ‘मान’चे ‘नाम’ होते. दोन्ही पद्धती खेळता येतात, परंतु एकाच कोड्यात दोन्ही मिसळल्या तर सोडवणारा हमखास गोंधळतो. माझा कल अखंड अक्षराकडे आहे, कारण मराठी माणूस कागदावर शब्द फिरवतो तेव्हा मात्रा अक्षरासोबतच उचलतो.

प्रोग्राम अडकून पडत असेल, तर तो बहुधा प्रत्येक रचना बनवून ती कोशात शोधत असतो. दहा वेगवेगळ्या अक्षरांच्या ३६,२८,८०० रचना होतात. त्याऐवजी कोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून त्याची खूण तयार करावी. ‘दगड’ची अक्षरे अशी लावली की ‘गडद’ ही खूण मिळते, आणि ‘गडद’ या शब्दाची खूणही तीच असते. समान खुणेचे शब्द एकत्र केले की शोध संपतो.

शब्द कोशात असूनही सापडत नसेल, तर लेखनभेद तपासावा. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘करणें’ असे अनुस्वारयुक्त लेखन आहे, तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर आपण ‘करणे’ लिहितो. त्यामुळे दोन्हींच्या खुणा जुळत नाहीत. याहून फसवे प्रकरण ‘दऱ्या’चे आहे. काही कळफलक त्यातील ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. मजकूर स्वच्छ करण्यासाठी सगळी अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकली, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ थेट समुद्राचा ‘दर्या’ होऊन बसतात. आधी ती जोडणी ‘ऱ’ आणि हलन्त यांच्यात बदलावी आणि उरलेली अदृश्य चिन्हे त्यानंतर काढावीत.

उत्तर रिकामे आले म्हणजे प्रोग्राम बिघडला असेही समजू नये. ‘महाबळेश्वर’ची सहाही अक्षरे वापरण्याची अट घातली, तेव्हा माझ्याकडील शब्दयादीतून काहीच मिळाले नाही. अट सैल करताच ‘बहार’ आणि ‘मळे’ असे दोन सुरेख शब्द बाहेर आले, पण ‘श्व’ एकटा उरला. कोड्यात मी मुलांना हेच विचारले, की महाबळेश्वरात दडलेली बहार आणि मळे वेगळे काढल्यावर कोणते अक्षर शिल्लक राहते?