गोधडी शिवताना या चुका टाळा

गोधडी बिघडते ती बहुतेकदा सुई हातात घेण्याआधीच. तरी नवशिक्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: टाके किती बारीक घालायचे? ते नंतर बघू. आधी कच्चे टाके, म्हणजे थर धरून ठेवणारे आणि नंतर काढून टाकायचे लांब टाके, घातलेत का, ते सांगा.

गोधडी आपण कडेपासून आत शिवत जातो. थरांमध्ये जो काही झोळ असेल, तो प्रत्येक फेरीला मध्याकडे सरकतो. कच्चे टाके त्याला जागच्या जागी अडवतात. माझ्या भाचीने बाळाची गोधडी नुसत्या टाचण्यांवर शिवायला घेतली. "मावशी, टाचण्या आहेत की!" मध्य वीतभर उरला तेव्हा घेऊन आली. वर कापड फुगलेलं, उलटून बघितलं तर खाली तीन चुण्या पक्क्या शिवलेल्या. म्हणे, इस्त्रीने बसतील का? कशा बसतील? चुणी म्हणजे जास्तीचं कापड, ते इस्त्रीने कुठे जाणार? चुण्या जिथून सुरू झाल्या तिथपर्यंत सगळं उसवावं लागलं. जुन्या साडीचं कापड, दोरा ओढला की विरत होतं, म्हणून एकेक टाका कापून काढला.

मी खालचं कापड फरशीवर अंथरून त्याच्या कडा चिकटपट्टीने पक्क्या करते. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारखा करायचा आणि मग मधूनच बाहेर, वीतवीतभर अंतरावर कच्चे टाके. दोरा उठून दिसेल अशा रंगाचा. यात दुपार जाते, जाऊ द्या. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी उशीचा अभ्रा शिवावा.

कोरं सुती कापड न धुता लावू नका. जुनी साडी आटून झालेली असते, कोरं कापड नंतर आटतं आणि शिवण आकसते. गडद रंगावर ओला पांढरा फडका घासून बघा. रंग लागला तर तो जायचा थांबेपर्यंत ते वेगळं धुवा.

सुती थरांत नायलॉनची साडी घालू नका, सरकते.

दोरा हातभरच घ्या.

धुण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. हाताने शिवलेली गोधडी मशीनमध्ये टाकायची नाही. ओली झाली की तिचं वजन कितीतरी वाढतं आणि घुसळताना तो सगळा ताण टाक्यांवर येतो. टबात भिजवा, दाबून पाणी काढा, पिळू नका. एका दोरीवर लोंबकळत ठेवलीत तर त्याच जागी टाके ताणतात. दोन-तीन दोऱ्यांवर पसरा किंवा खाटेवर टाका. वरून वाळली म्हणून घडी घालायची घाई नको. मधला भाग दोन्ही तळव्यांत दाबून धरा, गार लागला तर आत ओल आहे. अशी गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली की बुरशी धरलीच. जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा, आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर कापड घडीवरच फाटतं.

फाटलंच तर ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं घ्या, म्हणजे टाका धड कापडात बसेल. आणि ते गोधडी धुण्याआधी लावा.