घरचा गाण्या-व्हिडिओंचा संग्रह एकाच यादीतून सगळ्या संगणकांवर कसा आणावा

कॅसेटवरून उतरवलेली आखाजीची (म्हणजे अक्षय्य तृतीयेची) गाणी, लग्नाच्या व्हीसीडी, कानबाईच्या रोटांचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, गावातल्या वहीगायनाचं रात्रभराचं रेकॉर्डिंग. खान्देशातल्या कितीतरी घरांत हा ऐवज आता कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडून आहे. नुसत्या फाइली दुसऱ्या संगणकावर दिसायला हव्या असतील, तर फोल्डर शेअर केलं की काम भागतं. खरी अडचण माहितीची आहे. गाणं कोणी म्हटलंय, साल कोणतं, व्हिडिओत नवरीशेजारी उभी असलेली बाई कोण, हे प्रत्येक संगणकावर वेगळं लिहायचं म्हटलं तर कोणीच लिहीत नाही, आणि सांगणारी माणसं म्हातारी होत जातात. म्हणून यादी एकच हवी. ती एका संगणकाने सांभाळायची आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून मागून घ्यायची.

इथे बरेच जण एक सोपा वाटणारा मार्ग धरतात. गाण्यांच्या प्रोग्रामची डेटाबेस फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि घरातल्या तिन्ही संगणकांना तीच उघडायला सांगायची. हे करू नका. अशा प्रोग्रामांची यादी बहुधा एसक्यूलाइट प्रकारच्या फाइलमध्ये असते. एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवायचं काम ती फाइलला कुलूप लावून करते, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये हे कुलूप भरवशाचं नसतं. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर फाइल बिघडू शकते आणि सगळी मेहनत वाया जाते. फाइली कितीही जणांनी वाचाव्यात, यादीत लिहिणारा प्रोग्राम मात्र एकच असावा.

त्यासाठी मी जेलीफिन हा गाणी-व्हिडिओंची यादी सांभाळणारा प्रोग्राम सुचवतो. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या प्रोग्रामपासून तो वेगळा झाला. तो फुकट आहे, मुक्त स्रोताचा आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतो. एका संगणकावर त्याचा सर्व्हर, म्हणजे यादी सांभाळून बाकीच्यांना देणारा भाग, बसवायचा. बाकीचे संगणक, मोबाइल, टीव्ही ब्राउझरमधून किंवा त्याच्या अॅपमधून ती यादी पाहतात.

संगणक कोणता आणि कुठे ठेवायचा

जुना डेस्कटॉप चालतो, फक्त तो कायम चालू राहायला हवा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन ‘स्लीप’ बंद करा, नाहीतर दुपारी टीव्हीवर काही लावायला जावं तर सर्व्हर झोपलेला सापडतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा हा डबा माळ्यावर किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. बहुतेक घरगुती हार्ड डिस्कना ६० अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते, आणि बंद कपाटात डिस्क बाहेरच्या हवेपेक्षा बरीच जास्त तापते. तळमजल्यावरची, भिंतीपासून थोडी सुटी जागा उत्तम.

वीज गेली की संगणक धाडकन बंद पडतो, आणि नेमकं त्याच क्षणी यादीत काही लिहिलं जात असेल तर ती खराब होण्याचा धोका असतो. छोटा यूपीएस घ्याच. राउटरही त्याच्यावर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर टाका.

धाब्याच्या घरांच्या मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण वायफाय अडवतात. सर्व्हर आणि राउटर यांच्यामध्ये तरी लॅनची तारच टाका. टीव्ही दूरच्या खोलीत असेल तर त्यालाही. तारेचा खर्च एकदाचा असतो, अडखळणारा व्हिडिओ रोजचा.

पत्ता पक्का करा

राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो आणि तो मधूनमधून बदलू शकतो. सर्व्हरचा पत्ता बदलला की टीव्हीला तो सापडत नाही आणि घरात सगळे म्हणतात, बंद पडलं. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) पानावर पत्ता राखून ठेवायची सोय असते. तिथे सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्या कार्डाचा ओळख क्रमांक) निवडून एक आकडा कायमचा बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. यातले पहिले तीन आकडे तुमच्या राउटरप्रमाणे वेगळे असू शकतात.

पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय चालू असेल तर त्यावर जोडलेल्या मोबाइलला सर्व्हर सहसा दिसत नाही. ते तसंच ठेवलेलं बरं, पण घरची उपकरणं मुख्य वायफायवरच आहेत ना, एवढं बघा.

फाइली आधी लावून घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि जवळजवळ सगळं हिच्यावरच ठरतं. गाणी, घरचे व्हिडिओ आणि विकत घेतलेले सिनेमे यांची तीन वेगळी फोल्डर करा. घरच्या व्हिडिओंच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस लिहा आणि त्यापुढे प्रसंग व गाव. तारीख इंग्रजी अंकांत याच क्रमाने लिहिली की फाइली आपोआप काळाप्रमाणे लागतात. पुढचं नाव देवनागरीत चालतं. फक्त सण आणि गावं एकाच पद्धतीने लिहायची असं घरात ठरवा. शोध घेताना यंत्र अक्षर न् अक्षर पाहतं. एकाने ‘आखाजी’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘अखाजी’, तर एकाला दुसऱ्याची गाणी सापडणार नाहीत.

व्हीसीडीवरच्या डॅट फाइली आणि जुन्या कॅमेऱ्याच्या एव्हीआय फाइली ब्राउझरमध्ये सरळ चालत नाहीत. दर वेळी सर्व्हरला त्या तिथल्या तिथे बदलून पाठवाव्या लागतात, आणि जुना प्रोसेसर त्यात दमतो. त्यापेक्षा हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्राममधून त्यांची एच.२६४ या पद्धतीतली एमपी४ प्रत एकदाच काढून ठेवा. मूळ फाइल पुसू नका, ती वेगळ्या डिस्कवर जाऊ द्या.

गाण्यांची माहिती फाइलच्या पोटातच लिहिता येते. त्यासाठी एमपी३टॅग हा प्रोग्राम चांगला आहे. आखाजीच्या एका कॅसेटचं उदाहरण घेऊ. ‘टायटल’मध्ये गाण्याची पहिली ओळ, ‘आर्टिस्ट’मध्ये म्हणणाऱ्या बायकांची नावं, ‘अल्बम’मध्ये ‘आखाजी, अमळनेर’, ‘इयर’मध्ये साल, आणि ‘कमेंट’मध्ये कॅसेट कोणाच्या घरची आणि कोणी रेकॉर्ड केली ते. ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा सोडू नका. कॅसेटवरच्या सगळ्या गाण्यांना तिथे एकच नाव द्या, मग ते ‘मोठी माय आणि मैत्रिणी’ का असेना. हा रकाना रिकामा राहिला तर गायिका बदलली की कॅसेटचे तुकडे होऊन चार वेगळे अल्बम दिसू शकतात.

अशी पोटात लिहिलेली माहिती उद्या जेलीफिन सोडून दुसरं काही वापरलं तरी फाइलबरोबर जाते.

सर्व्हर बसवणे

जेलीफिनच्या अधिकृत संकेतस्थळावरून सर्व्हर उतरवा आणि बसवा. विंडोजने फायरवॉलबद्दल विचारलं तर ‘प्रायव्हेट’ नेटवर्कवर परवानगी द्या. त्याच संगणकावर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’, मग कोलन आणि ८०९६ टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत. तो आधी भाषा विचारेल, मग मुख्य वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड. पासवर्ड चांगला द्या.

नंतर लायब्ररी जोडायच्या. गाण्यांच्या फोल्डरसाठी ‘म्युझिक’ प्रकार निवडा, लग्नकार्यांच्या व्हिडिओंसाठी ‘होम व्हिडिओज अँड फोटोज’. लग्नाच्या फोल्डरला चुकून ‘मूव्हीज’ म्हटलं तर तो इंटरनेटवर त्या नावाचा सिनेमा शोधायला जातो आणि ताईच्या हळदीला भलत्याच सिनेमाचं पोस्टर लावून ठेवतो. घरच्या गाण्यांच्या लायब्ररीतही इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या पर्यायांवरच्या खुणा काढून टाका. आपल्या आत्याने म्हटलेल्या गाण्याची माहिती आपल्याच घरात आहे.

आता दुसऱ्या संगणकावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५०, कोलन, ८०९६ असा पत्ता टाकून पाहा. पान उघडलं की जमलं. उघडलं नाही तर आधी फायरवॉल तपासा, मग दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर आहेत का ते.

घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ता करा. कोणी कुठपर्यंत पाहिलं हे मग वेगवेगळं राहतं, आणि हॉलमध्ये अर्धवट सोडलेला व्हिडिओ माजघरातल्या लॅपटॉपवर तिथूनच पुढे सुरू होतो. फाइल पुसायची परवानगी एकाच माणसाकडे ठेवा. सुट्टीत घर भाच्या-पुतण्यांनी भरतं, तेव्हा ही खबरदारी कामाला येते.

आधीपासून कोडी वापरत असाल तर

कोडी हा गाणी-व्हिडिओ लावायचा प्रोग्राम प्रत्येक यंत्रावर आपली स्वतःची यादी ठेवतो. ती एकत्र करायची तर एका संगणकावर मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर बसवून प्रत्येक कोडीला त्याचा पत्ता द्यावा लागतो. मग सगळीकडे कोडीची मुख्य आवृत्ती एकच लागते आणि फाइलींचा मार्गही सगळ्या यंत्रांवर हुबेहूब तोच, नेटवर्कचा. ‘डी ड्राइव्ह’ असं लिहिलेला मार्ग दुसऱ्या यंत्राला काहीच सांगत नाही. ज्याला या कामाची आवड आहे त्याने जरूर करावं. इतरांनी सर्व्हर जेलीफिनचाच ठेवून कोडीत जेलीफिनचं अॅड-ऑन बसवावं.

सुरतेला किंवा पुण्याला असलेल्या भावंडांनाही हे पाहायचं असेल, तर राउटरमधलं पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) जगासाठी उघडू नका. दोन्हीकडे टेलस्केल हा खासगी नेटवर्क जोडणारा प्रोग्राम बसवा, म्हणजे त्यांचा संगणक घरच्याच नेटवर्कवर असल्यासारखा जोडला जातो.

प्रत काढणे

दोन गोष्टींची प्रत लागते, मूळ फाइलींची आणि यादीची. विंडोजवर जेलीफिनची यादी साधारणपणे सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्रामडेटा’ या लपवलेल्या फोल्डरच्या आत ‘जेलीफिन’ नावाने असते. प्रत काढताना आधी सर्व्हर बंद करा, मग पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. चालू सर्व्हरच्या यादीची प्रत अर्धवट निघू शकते. नवी आवृत्ती चढवण्याआधी हे न चुकता करा. एक डिस्क घरात आणि दुसरी वेगळ्या गावी, नातेवाइकांकडे ठेवा. दिवाळीला आणि आखाजीला जाणं-येणं होतंच, तेव्हा डिस्कांची अदलाबदल करा. परत आलेली डिस्क कपाटात टाकण्याआधी तिच्यावरचं एखादं गाणं लावून आवाज येतो का आणि नावं दिसतात का, ते पाहा.